तेरा मालडब्यांतून आलेला ऑर्गन

ऑर्गन म्हटले की आपल्या मराठी मनाला संगीत नाटक आठवते. रंगमंचासमोर बसून, पायाने भाता मारीत वाजविला जाणारा तो ऑर्गन म्हणजे हार्मोनियमचाच थोरला भाऊ. त्याचा स्वर धातूच्या पातळ पट्ट्यांतून उमटतो. पाश्चात्त्य देशांतील पाइप ऑर्गनची जात मात्र निराळी. तेथे प्रत्येक स्वराला स्वतंत्र नळी आणि प्रत्येक वेगळ्या नादासाठी नळ्यांची स्वतंत्र रांग असते. पंख्याने दाबलेली हवा नळ्यांखालच्या पेट्यांत साठते. बोटाखालची पट्टी दाबली की तेवढ्या नळीची झडप उघडते आणि ती बोलू लागते. मोठ्या नळ्या बत्तीस फुटांच्या, तर धाकट्यांतली धाकटी पाव इंचाची. असे वाद्य विकत घेता येते, पण घरी नेता येत नाही. ते ज्या वास्तूत बसते तिचाच भाग होऊन राहते, आणि त्या वास्तूचे दिवस फिरले की त्याचेही फिरतात.

काही वर्षांपूर्वी मुलाकडे न्यू जर्सीला गेलो असता फिलाडेल्फियातील एका भव्य दुकानात हे वादन मी प्रथम ऐकले. दुपारचे बारा वाजले होते. सूनबाई नातवंडांसाठी कपडे पाहत होत्या, गिऱ्हाइकांची वर्दळ चालू होती, आणि अकस्मात पायाखालची फरशी किंचित थरथरली. मधल्या चौकाचे छत सात मजले उंच. तीन पिढ्या कापडाचा धंदा केलेल्या माणसाला अशा वेळी स्वरांच्या आधी जागेचा हिशेब सुचतो. शहराच्या ऐन मध्यावरची एवढी पोकळी मालाविना कोणी आणि कोणत्या धैर्याने ठेवली असेल?

या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा जॉन वानामेकर या व्यापाऱ्याचा परिचय झाला. १८६१ मध्ये पुरुषांच्या तयार कपड्यांपासून सुरुवात करून त्यांनी १८७६ मध्ये रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यात प्रचंड दुकान थाटले. घासाघीस नाही, सर्वांना एकच भाव, माल पसंत न पडल्यास पैसे परत, हे नियम त्यांनी कटाक्षाने पाळले. पुढे त्याच जागी डॅनिएल बर्नहॅम या वास्तुशिल्पज्ञाने आजची इमारत उभारली.

ऑर्गन मात्र या दुकानासाठी घडलेलाच नव्हता. १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनासाठी लॉस एंजेलिसच्या एका कंपनीने तो बांधला. दहा हजारांहून अधिक नळ्या; आराखडा जॉर्ज ऑड्सले यांचा. फ्रान्सचे विख्यात वादक अलेक्सांद्र गिलमां यांनी तेथे त्यावर चाळीस मैफली केल्या. पण खर्च अंदाजाबाहेर जाऊन एक लाख पाच हजार डॉलरांवर पोहोचला आणि कंपनीचे दिवाळे निघाले. प्रदर्शनानंतर कॅन्सस सिटीच्या सभागृहात त्याची स्थापना व्हायची होती, तीही फसली. जगातील सर्वांत मोठे वाद्य गोदामात पडून राहिले. आपल्या भाषेत सांगायचे तर मृत साठा. गिऱ्हाईक मिळेना, कारण ते मावेल एवढे घर कोणापाशी होते?

१९०९ मध्ये वानामेकरांनी तो घेतला. मालगाडीचे तेरा डबे भरून नळ्या आल्या, जोडणीला दोन वर्षे लागली, आणि २२ जून १९११ रोजी, इंग्लंडमध्ये पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक होत असता, येथे पहिला स्वर उमटला. पण दहा हजार नळ्यांचा नाद त्या चौकाला पुरेना! दुसरा एखादा तेथेच थांबला असता. वानामेकरांचे पुत्र रॉडमन यांनी दुकानाच्याच वरच्या मजल्यावर ऑर्गनचा कारखाना काढला. ऐन भरात तेथे चाळीस कारागीर होते. १९१७ पर्यंत आठ हजार आणि १९२४ ते १९३० या काळात आणखी दहा हजार नळ्यांची भर पडली. १९२१ मध्ये मार्सेल द्युप्रे यांनी याच ऑर्गनवर जी चार भागांची रचना आयत्या वेळी वाजविली, तीच त्यांनी पुढे ‘सिंफनी-पॅशन’ या नावाने लिहून काढली.

तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर, अटलांटिक सिटीच्या सभागृहात, याहूनही मोठा ऑर्गन आहे. १९२९ ते १९३२ दरम्यान बांधलेला. तेहतीस हजारांहून अधिक नळ्या, हातांसाठी पट्ट्यांच्या एकावर एक सात ओळी. तो मी मुद्दाम जाऊन पाहिला. १९४४ च्या चक्रीवादळात त्याच्या यंत्रणेचे नुकसान झाले, आणि पुढची कित्येक दशके तो बहुतांशी मुका राहिला. सभागृहात खेळ होत, सोहळे होत, पण ऑर्गन रोज वाजवावा असे कोणाच्या कामात लिहिलेले नव्हते. आज चिकाटीने दुरुस्ती चालू असून निम्म्याहून अधिक भाग पुन्हा बोलू लागला आहे. नळ्या सहसा बिघडत नाहीत; झडपांखालचे चामडे काही दशकांत फाटते आणि ते हजारो जागी बदलावे लागते. (चामड्याचा उल्लेख आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाही, मलाही तो ऐकून क्षणभर अवघडल्यासारखे झाले.) ज्या दुकानात रविवार वगळता नित्य वादन होई, तेथे एक झडप बिघडली तरी दुसऱ्या दिवशी वादकाच्या ध्यानी येई. सभागृहात शंभर बिघडल्या तरी विचारणारा कोण?

फिलाडेल्फियाचे दुकान पुढे वानामेकर घराण्याच्या हातून गेले. पाट्या बदलल्या, मालक बदलले. देखभाल खालावली तेव्हा १९९१ मध्ये रसिकांनी मंडळ स्थापून ऑर्गनसाठी निधी उभा केला. प्रत्येक नव्या मालकाला दुकानासोबत हा भारही पत्करावा लागला. अखेरीस मार्च २०२५ मध्ये तेथील मेसीज हे दुकान बंद झाले. शेवटच्या वादनाला चौक आणि वरचे सज्जे माणसांनी भरून गेले होते, हे मुलाने पाठविलेल्या चित्रफितीत पाहिले. खालचा माल सवलतीत विकला जात होता, मांडण्या रिकाम्या होत होत्या. अठ्ठावीस हजार नळ्या मात्र दुसऱ्या मजल्यापासून सातव्यापर्यंत होत्या तिथेच उभ्या राहिल्या.