अंगठ्याचं खातं

राजे गेले, संस्थानं गेली, 1971 साली तनखेही बंद झाले; पण राजांचा म्हणून ओळखला जाणारा एक आजार मागे राहिला आणि हळूहळू थेट कारकुनांपर्यंत येऊन पोचला. त्याचं नाव गाऊट. पगार क्लार्कचा, दुखणं मात्र राजाचं! एरवी बँकेत मी लोकांचे अंगठे उमटवून घेतो. या दुखण्यात माझ्याच पायाच्या अंगठ्यानं मला ‘आई गं’ म्हणायला लावलं. त्याला चादरीचं टोकसुद्धा सोसवेना.

डॉक्टर काय म्हणाले ते कॉमर्सवाल्याच्या भाषेत सांगतो. रक्त हे खातं. प्युरिन मोडलं की त्यात युरिक ॲसिड जमा होतं. मूत्रपिंडं ते मोठ्या प्रमाणावर नावे टाकतात. शिल्लक डेसिलिटरला 6.8 मिलिग्रॅमच्या वर राहिली, की त्याचे स्फटिक सांध्यात मुदत ठेवीसारखे ठाण मांडू शकतात. म्हणून ती सहाच्या खाली हवी. शिल्लक कमी करा, असं मला आयुष्यात प्रथमच कोणी सांगत होतं!

घरी सौ.नं ताबडतोब ऑडिट सुरू केलं. कलेजी, मटण, तारली, बांगडा, बिअर, गोड शीतपेयं – सगळ्यांवर लाल रेघ. शेजाऱ्यांनी वरण आणि पालकही आरोपींत बसवले होते. डॉक्टरांनी ते दोघे निर्दोष सोडले. वनस्पतींतलं प्युरिन मांसाइतकं छळत नाही म्हणे. पाणी आणि साय काढलेल्या दुधाचं ताक यांना तर बढतीच मिळाली.

तीन महिने दुधी भोपळ्याशी एकनिष्ठ राहिलो. शिल्लक 9.2 वरून उतरली ती 8.4 वर! डॉक्टर हसले. म्हणाले, “अहो, यातली बरीचशी जमा तुमच्या शरीराचीच. पथ्यानं फार तर एखादा मिलिग्रॅम सुटतो.” म्हणजे पथ्य ही पोस्टेज-स्टेशनरीतली काटकसर, खरी तूट भरून काढायला रोजची गोळी. आणि दुखणं थांबलं म्हणून ती आपल्या मनानं बंद करायची नाही. ठणका थांबला तरी स्फटिक गुपचूप सांधा कुरतडत राहतात. पायाचा हा सांधा गेला, तर आठ-सत्तावीसची लोकल पकडणार कोण?

आता शिल्लक 5.7 आहे. महिन्यातून एकदा, डॉक्टरांच्या संमतीनं, बांगड्याचा एक तुकडा मंजूर होतो. तो वाढताना सौ.चा चेहरा नाइलाजानं ओव्हरड्राफ्ट देणाऱ्या मॅनेजरसारखा असतो.