खिशातले राक्षस आणि समोरचा सवंगडी

कोणताही खेळ फार वर्षे चालला, की त्याच्यापुढे एक पेच उभा राहतो. तो बदलला नाही, तर मुलांना कंटाळा येतो. फार बदलला, तर जुने खेळाडू म्हणतात, ‘हा आमचा खेळच नव्हे!’ १९९६ साली जपानमध्ये सुरू झालेला ‘पोकेमॉन’ हा व्हिडिओ गेम हा पेच सतत सोडवत आला आहे. घरात शाळकरी मूल असेल, तर मोठ्यांनीही ही कहाणी समजून घ्यायला हरकत नाही.

या खेळाचा जनक सातोशी ताजिरी. टोकियोच्या उपनगरात वाढलेल्या या मुलाला किडे पकडण्याचा भारी नाद. पुढे शेते बुजली, तळी गेली, इमारती उभ्या राहिल्या आणि किडे दिसेनासे झाले. पकडण्याचा तो आनंद नव्या मुलांना निदान खेळात तरी मिळावा, असे त्याला वाटले. पोकेमॉन म्हणजे ‘पॉकेट मॉन्स्टर’, खिशातले राक्षस! गवतात फिरायचे, अजब प्राणी शोधायचे, चेंडूत पकडायचे आणि त्यांना लढायला शिकवायचे, एवढाच खेळ.

पण खरी कल्पकता वेगळीच होती. हा खेळ एकाच वेळी लाल आणि हिरवा अशा दोन आवृत्त्यांत निघाला. काही प्राणी एकीत मिळत, काही फक्त दुसरीत. संग्रह पुरा करायचा, तर दुसऱ्या मुलाला गाठून, दोन यंत्रे तारेने जोडून अदलाबदल करावी लागे. काही प्राणी तर अदलाबदल झाल्याशिवाय आपले पुढचे रूप धारणच करीत नसत. एकट्याने हा खेळ पुरा होऊच नये, अशी ती योजना होती.

भारतातल्या बहुतेक मुलांनी तो गेम पाहिलाही नव्हता. त्यांना पोकेमॉन भेटला २००३ साली, कार्टून नेटवर्कवर. जयपूरच्या मालवीय नगरात राहणाऱ्या एका मराठी आजींना ते दिवस चांगले आठवतात. त्यांचा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. वेफर्सच्या पुड्यांतून निघणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्या तो बिस्किटांच्या डब्यात साठवायचा. उन्हाळ्याच्या दुपारी जिन्यात चार-पाच मुले जमायची आणि ‘दोन देतो, तो एक दे’ अशी घासाघीस चालायची. वेफर्स खाऊन मुलांची जेवणे बुडतात, म्हणून आई कुरकुरायची. पण भांडण झाले, तरी संध्याकाळी मिटायचे. कारण हवी असलेली चकती समोरच्याच्याच खिशात असायची!

जयपूरला हे नवे नव्हते. १७२७ साली सवाई जयसिंहांनी वसवलेल्या या शहरातल्या मोठ्या चौकांची नावेच बडी चौपड आणि छोटी चौपड. चौपड म्हणजे आपला सारीपाट. हे चौकही त्या पटासारखे चारी बाजूंना रस्ते फुटलेले. सारीपाटालाही समोर कोणीतरी बसावेच लागते.

गेम मात्र बदलत गेला. १९९९ च्या आवृत्तीत घड्याळ आले. रात्री वेगळे प्राणी, दिवसा वेगळे. २००६ मध्ये इंटरनेटवरून जगातल्या कोणाशीही अदलाबदल करता येऊ लागली. २०१३ मध्ये चित्रे त्रिमितीत आली. २०१६ च्या ‘पोकेमॉन गो’ने तर कमालच केली. प्राणी पकडायला खरोखरच रस्त्यावर चालावे लागे. देवळे, पुतळे, जुन्या इमारती ही त्या खेळातली ठाणी झाली. गुजरातेत देवळांत खेळातली ‘अंडी’ दिसतात, म्हणून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले!

डिसेंबर २०१६ मध्ये तो खेळ भारतात रीतसर आला. आजींचा मुलगा तेव्हा नोकरीला लागलेला. कितीही सांगितले तरी घराबाहेर न पडणारा तो पठ्ठ्या रोज तासभर चालू लागला. आजींना बरे वाटले आणि धास्तीही वाटली. बडी चौपडीवर स्कूटर, रिक्षा आणि गाईंच्या गर्दीत मान खाली घालून चालणे म्हणजे संकटाला आमंत्रणच.

२०१९ मध्ये नव्या गेममधून बरेच जुने प्राणी वगळले, तेव्हा चाहते खवळले. २०२२ च्या जानेवारीत लढाई न करता, मोकळ्या रानात नेम धरून चेंडू फेकण्याची सोय आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चौघांना मिळून हिंडता येईल असे खुले जग आले, पण सुरुवातीला त्यात तांत्रिक दोष फार होते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला गेम एकाच शहरात घडतो आणि आळीपाळीने वार करण्याची जुनी रीत सोडून त्यात लढाई थेट चालते. प्राण्यांची संख्या १५१ वरून हजाराच्या पुढे गेली आहे.

आज आजींचा नातू आठ वर्षांचा आहे. एकदा त्याने आनंदाने ओरडून सांगितले, “आजी, मला हवा होता तो मिळाला!”

“कोणी दिला रे?”

“माहीत नाही. कोणीतरी ऑनलाइन होता.”

आजी गप्प झाल्या. वस्तू मिळाली होती, पण देणाऱ्याला नाव नव्हते, चेहरा नव्हता. त्या मुलाशी भांडण होणार नव्हते आणि मैत्रीही होणार नव्हती. त्यांनी गेम बंद करायला सांगितले नाही. एवढेच म्हणाल्या, “खालच्या मजल्यावरच्या मुलाकडेही हेच आहे ना? त्याला वर बोलाव. समोरासमोर बसून करा अदलाबदल. मी पोहे करते.”

नवे तंत्र वाईट नसते. दूरच्या माणसाला ते जवळ आणते, कधी घरबशाला चालायलाही लावते. पण मुलाच्या हातात नवा खेळ देताना आईवडिलांनी एक गोष्ट जरूर पाहावी. या खेळात मुलाला दुसऱ्या मुलाची गरज उरली आहे का? उरली असेल, तर यंत्र कितीही बदलो, खेळ जुनाच आहे. उरली नसेल, तर ती गरज निर्माण करण्याचे काम घराला करावे लागेल. त्याला फार काही लागत नाही. दार उघडे हवे आणि पोह्यांची एक बशी जास्त हवी.