मास्तरांची फाईल

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात दोन प्रकारची माणसे येतात. काही दाखल्यासाठी येतात. काही मात्र इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर हळूच विचारतात, ‘‘फादर, पोराला लॅपटॉप घ्यायचा आहे. कोणता घ्यावा?’’ ह्या यंत्राचे आम्हांला वेड आहे, ही गोष्ट आता लपून राहिलेली नाही. मिस्सानंतर अंगणात उभे असताना कुणी प्रवचनाविषयी शंका विचारली तर आम्ही दोन मिनिटांत उत्तर देतो. कुणी संगणकाविषयी विचारले तर कॉफी थंड होते.

हे वेड गुरुविद्यालयात लागले. १९९० च्या दशकातील ती पहिली वर्षे. संगणकासाठी वेगळी खोली, तिला पडदे, आणि आत जाताना चपला बाहेर काढण्याचा नियम. त्या खोलीत आपण जितक्या अदबीने शिरता तितक्या अदबीने प्रार्थनामंदिरात शिरता का, असे रेक्टरांनी आम्हांला एकदा विचारले होते. सकाळच्या तासाला संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या विचारातील द्रव्य आणि रूप शिकायचे आणि दुपारी हार्डवेअर व सॉफ्टवेअर पाहायचे, अशा क्रमामुळे ह्या दोन जोड्या आमच्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या. त्या परीक्षेत आम्हांला फारसे चांगले गुण पडले नाहीत.

तर, कोणता घ्यावा? आमची मते ठाम आहेत आणि ती सगळ्यांना रुचत नाहीत. दुकानदार प्रथम यंत्रावरची चकचकीत चिकटपट्टी दाखवतो : आय-३, आय-५, आय-७. आकडा मोठा तेवढे यंत्र थोर, असे बापाला वाटते. पण त्या आकड्यामागे पिढी असते आणि ती कुणी विचारीत नाही. २०१३ सालच्या आय-७ ला २०२२ सालचा आय-३ सहज मागे टाकतो. जुन्या मालावर आय-७ ची पट्टी पाहून हरखून जाणे म्हणजे आजोबांच्या कीर्तीवर नातवाला नोकरी देण्यासारखे आहे.

दुसरे, साठवणीचे. फिरती हार्ड डिस्क आणि एसएसडी ह्यांतील फरक आम्ही घरोघर सांगत आलो आहोत. फिरत्या डिस्कची सुई हवी ती जागा शोधायला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग घेते. ऐकताना हा काळ नगण्य वाटतो. परंतु यंत्र सुरू होताना अशा हजारो फेऱ्या होतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने तेच काम त्याच्या शंभराव्या हिश्श्यात होते. ‘यंत्र म्हातारे झाले’ म्हणून टाकायला निघालेले कितीतरी संगणक केवळ ही एक वस्तू बदलल्याने आणि मेमरी ८ जीबी केल्याने पुन्हा चालू लागले आहेत. नवे घेणाऱ्याने १६ घ्यावी. काही लॅपटॉपांत ती मूळ पाटीवरच डाख लावून बसवलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. तेव्हा हे दुकानातच विचारून घ्यावे. पातळ लॅपटॉप हाती धरायला फार सुंदर, पण तो सुंदर कशामुळे झाला हे बिघाडाच्या दिवशी कळते.

गेमिंग लॅपटॉपविषयी आमचे मत कडवट होते. धर्मग्रामातील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने तो मागितला तेव्हा त्याची आई त्याला आमच्याकडे घेऊन आली. आम्ही म्हटले, की लुकलुकणाऱ्या कळफलकासाठी एवढे पैसे घालू नयेत. मुलगा तयारीचा होता. म्हणाला, ‘‘फादर, संत कार्लो अक्युटिसकडेसुद्धा प्लेस्टेशन होते.’’ आम्ही उत्तर दिले, ‘‘होते, आणि तो ते आठवड्यातून एकच तास खेळत असे.’’ आई समाधानाने हसली. लॅपटॉप तरीही आला. त्याच्याकडे आपल्याला पुढे यावेच लागणार आहे.

आता सॉफ्टवेअरकडे वळतो. आमच्या कार्यालयातला संगणक २०१६ साली घेतलेला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने थांबवली. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा मुदत देऊ केली, पण ती औषधासारखी, रोग लांबवणारी. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची व्यवस्था लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर, थोडे अपवाद सोडता, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आमचा सहाव्या पिढीचा. यंत्रात कसलाही दोष नाही, दाखले छापतो, जमाखर्च ठेवतो, दर रविवारचे पत्रक काढतो. आणि तरी त्याला प्रवेश नाही. सुरक्षेचे कारण खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण धडधाकट माणसाला केवळ जन्मसाल पाहून दारातून परत पाठवावे, तसे हे आम्हांला वाटले.

म्हणून आम्ही त्यावर लिनक्स मिंट बसवले. त्याला मोल पडत नाही. कार्यालयातील ताई आठवडाभर आमच्याशी मोजकेच बोलत होत्या आणि प्रिंटर दोन दिवस रुसून बसला. मग दोघांचीही समजूत पटली. लेखनासाठी लिब्रेऑफिस घेतले. त्याची फाईल ज्या पद्धतीने साठवली जाते त्या पद्धतीस २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली आहे. म्हणजे ती कशी वाचायची ह्याचे नियम कुणालाही खुले आहेत. संगणक निवडताना ही गोष्ट कुणी विचारीत नाही. आम्हीही विचारीत नव्हतो. कारण ह्या बदलाच्या वेळी जुन्या फाईली तपासताना आम्हांला मास्तरांचे नाव असलेली एक घडी सापडली.

२००१ ते २००४ ह्या काळात आम्ही ह्याच धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. मास्तर तेव्हा शाळेतून निवृत्त झालेले. वसईच्या ह्या पट्ट्यातील म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन ते लग्नातली गाणी लिहून घेत; सामवेदी बोलीतली, जिला आपण घरी कादोडी म्हणतो. सात वह्या भरल्या होत्या. कार्यालयात नवा संगणक आला तो आमच्याच हट्टाने, आणि मास्तरांना त्यावर बसवले तेही आम्हीच. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ते एकेक कळ शोधून टंकलेखन शिकले. दोन पावसाळे, रोज सायंकाळच्या रोझरीनंतर एक तास. काम संपले त्या दिवशी त्यांनी विचारले, ‘‘फादर, वह्यांचे काय करू?’’ आम्ही म्हटले, ‘‘आता कशाला हव्यात? संगणकात आले म्हणजे कायमचे आले.’’

घर रंगवताना वह्या रद्दीत गेल्या. पुस्तक काही निघाले नाही. आमची बदली झाली, मास्तर २०११ साली वारले, आणि आम्ही प्रमुख धर्मगुरू म्हणून परत आलो ते २०२२ मध्ये.

फाईल उघडली तेव्हा पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, त्यांवर परकीय टिंबे, मध्येच डॉलरची खूण, मध्येच उद्गारचिन्ह. १३७ गाणी, सगळी अशी.

असे का झाले, हे सांगितले पाहिजे, कारण अनेक घरांत आणि कित्येक धर्मग्रामांत अशा फाईली पडून असतील. त्या काळातील बहुतेक मराठी फाँट म्हणजे वेशांतर होते. संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरच असे. फाँट त्याच्या चेहऱ्यावर ‘क’ चा किंवा अर्ध्या ‘त’ चा मुखवटा चढवी. प्रत्येक कंपनीचे मुखवटे निराळे. मुखवटा गेला की खाली रोमन अक्षर उघडे. आमच्या फाँटला तर कुलूप होते, प्रिंटरच्या जागी खोचायचे, आणि तसली जागाच आता संगणकांना नसते. मूळ यंत्र भंगारात गेले होते आणि ते सॉफ्टवेअर विकणारी कंपनी केव्हाच बंद झाली होती. युनिकोड तेव्हा नव्हते असे नाही. त्यात देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे आणि विंडोज २००० ला ते येतही होते; पण छापखाने पेजमेकरवर चालत आणि पेजमेकरला युनिकोड कधीच आले नाही. ही सबब खरी आहे. तिने आमचे समाधान होत नाही.

त्या रात्री आम्हांला फादर थॉमस स्टीफन्स आठवले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. देवनागरीचे शेकडो खिळे पाडणे तेव्हा जमले नाही. मराठी ओव्या आणि परकी अक्षरे. तरीही ते वाचता आले, १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापता आले, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू ह्यांनी ते देवनागरीत आणले. कारण कोणत्या रोमन अक्षराने कोणता मराठी उच्चार दाखवला आहे, ह्याला रीत होती आणि ती रीत वाचकांस ठाऊक होती. चारशे वर्षांपूर्वीचे रोमन अक्षर आम्हांस कळते आणि वीस-बावीस वर्षांपूर्वीचे कळत नाही, असा हा प्रकार.

नामांकित जुन्या फाँटांचे मजकूर युनिकोडमध्ये नेणारी साधने आहेत. आमचा फाँट नामांकित नव्हता. तेव्हा तो गेमिंगवाला मुलगा आमच्या मदतीला आला. त्याने पहिला प्रश्न केला, की ह्यातले एखादे गाणे कागदावर छापलेले आहे का? मास्तरांच्या लेकीने शोधले. तिच्या स्वतःच्या लग्नात, २००३ साली, मास्तरांनी एका पानावर तीन गाणी छापून वाटली होती. ते पान तिने लग्नाच्या अल्बमात ठेवले होते.

मग पान एका बाजूला आणि पडदा दुसऱ्या बाजूला, असे आम्ही तिघे बसलो. ही खूण म्हणजे ‘म’, ही काना, ही अर्धा ‘स’. मुलाने त्याची कोष्टके केली आणि आपल्या लुकलुकत्या लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. वाटते तितके ते सरळ नव्हते. जुन्या फाँटात पहिली वेलांटी कागदावर दिसते तशी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे नेमके उलटे, तो डोक्यावर नंतर चढवला जाई, आता त्याचा ‘र’ आधी लिहावा लागतो. प्रत्येक ओळीत ही उलथापालथ. पहिल्या दिवशी निघालेली मराठी ऐकून मास्तरांची लेक म्हणाली, की बाबा अंतोनी फेणीच्या फार तर वासाने बोलत. हे तर ती पिऊन बोलल्यासारखे आहे.

तीन आठवड्यांनी १३७ पैकी १२१ गाणी वाचण्याजोगी झाली. उरलेल्या सोळांच्या फाईलीच अर्धवट होत्या. बहुधा फ्लॉपीवरून उतरवताना बिघडल्या असाव्यात. आणि एक खूण उरली, डोक्यावर टोपी घातलेल्या रोमन अक्षराची. ती अकरा ठिकाणी होती, छापील पानावर एकदाही नव्हती. शब्दकोशात पाहावे तर कादोडीचे शब्द त्यात नाहीत, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तर ही गाणी म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत चूक.

म्हणून आम्ही मास्तरांच्या थोरल्या बहिणीकडे गेलो. वय नव्वदीच्या घरात, डोळ्यांना दिसत नाही. अंगणात खुर्ची टाकून बसल्या. मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन ओळ वाचू लागला आणि त्या खुणेपाशी अडखळला. आजींनी त्याला पुढे जाऊ दिले नाही. ‘‘न्हाण रे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘नवरीचे न्हाण!’’ मुलाने एक कळ दाबली आणि अकराही ठिकाणी ‘न्ह’ उमटला.

नंतर त्या गाऊ लागल्या. आवाज बारीक, पण कुठेही तुटत नव्हता. मुलगा पडद्यावर ओळी पाहत होता, त्याची मान हलत होती. आणि मग ती थांबली, कारण आजी पुढे गात होत्या आणि फाईल संपली होती. गाणे झाल्यावर आम्ही विचारले, की ही शेवटची कडवी मास्तरांनी लिहिली कशी नाहीत? त्या म्हणाल्या, तो विचारायला आला तेव्हा घरात पाहुणे होते, त्याला घाई होती, आणि त्याने जेवढे विचारले तेवढेच आपण सांगितले.

मुलाने लॅपटॉप सरसावला. आम्ही मास्तरांच्या लेकीकडे एक वही मागितली.