लाल शाई

आमच्या पिंपळगाव राजात पेन्शनीवर आलेल्या फौजीला मान असतो. मधूनच घरी आलेल्याला मात्र कोणी काही विचारीत नाही, आणि तेच जास्त लागते. आमचे काका असे तेरा वर्षांनी आले. रजा संपली तरी गावीच राहत. कधी आजीचे दुखणे, कधी पेरणी, एकदा तर नुसताच कंटाळा. चार शिक्षा झाल्या, चारही नोंदी लाल शाईत. पेन्शनीला पंधरा वर्षे लागतात.

2009 पासून अशा तक्रारींसाठी सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे; मुंबईतही त्याचे खंडपीठ आहे. 2015 साली वीरेंद्रकुमार दुबे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चार लाल नोंदी झाल्या एवढ्यावरून जवानाला काढता येत नाही. आधी चौकशी हवी, त्याची सेवा किती आणि कुठल्या कठीण ठिकाणी झाली हेही पाहायला हवे. काकांचे दोन हिवाळे लडाखात गेले आहेत.

अर्ज मी लिहितो आहे. "पैशाचं जाऊ दे बापा," काका म्हणतात, "कागदावर 'सेवेची गरज नाही' लिहिलंय, ते बदलून माग." कंटाळ्याचे कारण गाळावे, असे माझे मत. काका ऐकत नाहीत. "खरं हाय ते लिव्ह."

तो परिच्छेद अजून कोराच आहे.