एका नावाची अनेक ऑपरेशनं

२००९ साली ‘स्टिच’ चाचणीचा निकाल आला आणि माझ्यापुरता मी विषय मिटवला. हार्ट अटॅकनंतर फुगलेली डावी जवनिका कापून-शिवून लहान करण्यात अर्थ नाही, नुसती बायपास पुरे, असं मी ज्युनियरांना बिनदिक्कत सांगू लागलो. एक हजार पेशंट, चिठ्ठी टाकावी तसे पाडलेले दोन गट, चारेक वर्षांचा पाठपुरावा. मृत्यू किंवा हृदयविकारामुळे पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण नुसत्या बायपासमध्ये ५९ टक्के, जोडीला जवनिकेची अशी पुनर्रचना केलेल्यांत ५८. यावर आणखी काय बोलायचं?

मत हललं ते त्याच निबंधातल्या दुसऱ्या एका आकड्याने. पुनर्रचनेनंतर जवनिकेचं आकुंचनाअखेरचं आकारमान सरासरी १९ टक्केच घटलं होतं. नुसत्या बायपासनेही ते ६ टक्के घटलं होतं! मोनॅकोच्या व्हिन्सेंट डोर यांनी १९८४ पासून रुळवलेल्या या तंत्रात मुरलेल्या केंद्रांच्या अहवालांत घट ३० टक्क्यांच्या घरात किंवा त्याहून जास्त असे. मग चाचणीत नेमकं कोणतं ऑपरेशन तपासलं गेलं?

या ऑपरेशनात अटॅकने पडलेल्या व्रणावर, हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणाऱ्या एलएडी धमनीला समांतर छेद घेतला की आत बोट घालून पांढरा, कडक भाग कुठे संपतो आणि जिवंत स्नायू कुठे लागतो ते चाचपायचं. त्या सीमेवरून प्रोलिनचा टाका फिरवून बटव्याच्या नाडीसारखा आवळायचा. किती? अंदाजावर सोडलं तर भीतीने हात सैलच राहतो. म्हणून मिलानचे सर्जन मेनिकान्ती आत सलाइनचा फुगा ठेवून त्यावर टाका आवळत. माप, शरीराच्या दर चौरस मीटरला ५० ते ६० मिलि. उरलेलं तोंड बंद करणारा पॅचही तिरका, महाधमनीच्या झडपेच्या रोखाने बसवावा लागतो. चुकला तर कप्पा लहान होतो खरा, पण निमुळता न राहता गोल होतो आणि मायट्रल झडप गळू लागते. फार आवळला तर रक्त भरायलाच जागा उरत नाही.

२०१३ मध्ये ‘स्टिच’च्याच माहितीची फेरतपासणी झाली. पुनर्रचनेनंतर आकारमान चौरस मीटरला ७० मिलिपर्यंत उतरलेले पेशंट नुसत्या बायपासवाल्यांपेक्षा जास्त जगले होते. हा पुरावा मी निर्णायक मानत नाही. सहज लहान होणारी हृदयं मुळातच बरी असू शकतात, आणि ‘इतरांना नीट जमलं नाही’ हे तर आम्हा सर्जनांचं लाडकं उत्तर!

तरीही आता मी सरसकट नकार देत नाही. एमआरआय मागवतो. व्रण पुढच्या भिंतीपुरता, रेखीव असेल आणि बाकीचा स्नायू जोमाने हलत असेल, तर पुनर्रचनेचा विषय पेशंटपुढे मी स्वतःहून काढतो. तीही फुग्याच्या मापानेच करायची. मागची भिंतही थिजलेली दिसली तर बायपासवर थांबतो.