अंकुर आणि अवशेष

पौषातल्या थंडीत बेंगळुरूच्या मल्लेश्वरम् पेठेत अवरेकाईचे, म्हणजे आपल्या पावट्याच्या शेंगांचे, ढीग लागतात आणि त्यांच्या उग्र गंधाने सारी वाट भारून जाते. यंदा त्या सोलीत असता एक पोक्त दाणा ओघळून सज्जातील तुळशीच्या कुंडीत पडला, तो तेथेच राहू दिला. आठवड्याभरात मातीला बारीक चीर गेली, आणि मान खाली वाकवलेला एक पांढुरका कोंब, डोक्यावर आपल्याच सालीचे टोपडे घेऊन, वर आला. तेव्हापासून सकाळचा पहिला चहा मी त्या कुंडीशेजारी पाट मांडून घेते.

असे पाहत बसले की दादासाहेब फाळक्यांचे स्मरण होते. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून केलेल्या विलायतेच्या प्रवासाहून १९१२ साली परतल्यावर, ज्या माणसाला हरिश्चंद्राचे राज्य, स्मशान आणि सत्त्वपरीक्षा पडद्यावर उभी करायची होती, त्याने आरंभ केला तो वाटाण्याच्या एका दाण्यापासून; कुंडीपुढे कॅमेरा रोवून महिन्याहून अधिक काळ नित्यनेमाने थोडेथोडे चित्रण करीत त्याने ‘अंकुराची वाढ’ हे जेमतेम मिनिटभराचे चित्र सिद्ध केले. ते पाहून द्रव्य देणाऱ्यांना विश्वास वाटला, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्या व्यवहारात खरे तारण कोणते होते, तर एका क्षुद्र वस्तूकडे महिनाभर अविचल दृष्टीने पाहण्याची चिकाटी. थोर दिग्दर्शकांच्या आरंभीच्या लघुपटांना लोक उमेदवारी समजतात. मला ते त्यांच्या दृष्टीचे मूळ दस्तऐवज वाटतात.

या बेंगळुरूत, जे एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे होते, तसे दस्तऐवज मराठी मनाला विशेष जवळचे आहेत. माथेरानला जन्मलेल्या गिरीश कर्नाडांनी, ‘काडु’ हा स्वतःच्या एकट्याच्या दिग्दर्शनाचा पहिला कथापट करण्यापूर्वी, १९७२ साली अनुबोधपट केला तो द. रा. बेंद्र्यांवर; घरी मराठी बोलणाऱ्या आणि कन्नडचे महाकवी झालेल्या धारवाडच्या त्या वृद्धाच्या मुद्रेवर कॅमेरा स्थिर करणे, हीही एक साधनाच होती. पुढे कर्नाड पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक झाले, तेव्हा त्या संस्थेच्या, म्हणजे पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या, पवित्र आवारात तीर्थहळ्ळीकडचा एक तरुण विद्या घेत होता. पंचविशीच्या उंबरठ्यावर असलेल्या गिरीश कासारवल्लींनी १९७५ साली पदविकेसाठी जो लघुपट केला, त्याचे नाव ‘अवशेष’.

फाळक्यांनी अंकुरापासून आरंभ केला, कासारवल्लींनी अवशेषापासून. परंतु दोन वर्षांनी, १९७७ साली, सुवर्णकमळ मिळवणारा त्यांचा ‘घटश्राद्ध’ हा कथापट आला, तेव्हा दोघांची वाट एकच आहे हे उमगते. कन्नड लेखक अनंतमूर्तींच्या ज्या कथेवर तो बेतला आहे, तीत एका गर्भवती विधवेला, ती जिवंत असताना, घट फोडून मृत ठरवले जाते, आणि ते सारे अघटित आपण पाहतो ते वेदपाठशाळेतील एका लहानग्या बटूच्या डोळ्यांनी. तो मुलगा काही करू शकत नाही, केवळ पाहतो. आणि त्याचे ते पाहणेच साऱ्या धर्मनिर्णयावर भारी ठरते. कुंडीतला जीव उगवताना पाहणे आणि घट फुटून जीव बेवारस होताना पाहणे, या दोहोंना लागणारे धैर्य एकाच जातीचे असते, आणि ते मोठ्या भांडवलाने विकत मिळत नाही. जेव्हा फिल्म तोकडी, मुदत थोडी आणि नाव कोणाला ठाऊक नसते, त्या दारिद्र्याच्या दिवसांतच ते अंगी मुरते.

आज सकाळी पाहिले तर माझ्या वेलाने तुळशीच्या काडीला पहिला वेढा घातलेला होता. तो कधी पडला, ते मला दिसले नाही; मी रात्री निजले होते. उद्या पाट थोडा लवकर मांडीन.