फळीवरचे पाल

धानोरा तालुक्यातल्या जंगलात वादळाची खरी भीती श्रावणात नव्हे, वैशाखात असते, असे मला वाटते. उन्हाळा म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. ७० पानांचा एक पुडा, असे हजारो पुडे फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या मोकळ्या जागेवर, ओळीने वाळत पडलेले, आणि कडेला बांबूवर ताडपत्री ताणून उभे केलेले पाल. दिवसभर तापलेल्या जमिनीवर बंगालच्या उपसागराकडून बाष्प आले की दुपारनंतर आभाळ फाटते. पहिला सोसाटा येतो तेव्हा माणसाने पालाची दोरी धरायची की पुडे झाकायचे? भिजलेले पान वाया जाते, म्हणून तो पुड्यांकडे धावतो. ही धाव माझ्या मनातून जात नाही.

हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, त्यासाठी पक्का निवारा कशाला, असे कुणी म्हणेल. पण नेमके तेच दिवस विजांचे असतात. ताडपत्री वीज अडवत नाही आणि झाडाखाली जावे तर धोका वाढतो. जंगलातल्या माणसाला आभाळ कळते, हेही खरे. पण कळल्यावर जायचे कुठे? याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. मग फळीजवळ एक पक्की खोली आणि तिच्यावर वीजरोधक, ही अट त्यांनी लिलावातच घालावी. खर्चाचे मात्र कोडे सुटत नाही: ठेकेदारावर टाकला तर तो बोली उतरवेल, ग्रामसभेने केला तर तो मजुरांच्याच वाट्यातून जाईल.